लोखंडी नांगरापासून रोटाव्हेटरपर्यंत : मशागतीच्या यंत्रांची जोडणी आणि सुरक्षिततेचा इतिहास

घटकाची उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी समजतील :
- गावात घडवलेला नांगर आणि कारखान्यातून सुटे भाग होऊन आलेला नांगर यांतील फरक;
- ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणाऱ्या अवजारांमुळे धोक्याचे स्वरूप कसे बदलले;
- खोके उघडणे, जोडणी करणे व पहिली चाचणी घेणे यांचे नियम आणि त्यांमागची कारणे;
- कारखान्यातील कामगार आणि शेतातील माणूस यांच्या कायदेशीर संरक्षणात पडलेले अंतर.

प्रास्ताविक

छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या बांधकामासाठी आलेल्या मजुरांच्या वस्त्यांची आठवण कैंप-१ या भागाच्या नावात आजही टिकून आहे. गावाबाहेर पडले की दुर्ग जिल्ह्यातील धानाची शेते लागतात.

एका बाजूला पोलाद तयार होते आणि दुसऱ्या बाजूला पोलादाची अवजारे शेतात फिरतात. या दोन ठिकाणांमध्ये अंतर थोडे आहे, पण सुरक्षिततेच्या इतिहासाच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. कारखान्यात फिरत्या यंत्राला जाळी हवी, हे कायदा सांगतो आणि ते तपासायला निरीक्षक येतो. शेतात नवे रोटाव्हेटर ट्रॉलीतून उतरवताना, त्याची खोकी फोडताना आणि दांडा जोडताना मात्र घरातील दोन-चार माणसेच असतात. हा फरक कसा निर्माण झाला, हे समजून घेण्यासाठी आपल्याला बैलांच्या नांगरापासून सुरुवात करावी लागेल.

१. सुतार-लोहाराचा नांगर

महाराष्ट्रात लाकडी नांगर गावातच तयार होत असे. बाभळीचे लाकूड शेतकरी स्वतः आणून देई. सुतार त्याचे खोड, हळस व रुमणे घडवी आणि लोहार फाळ तयार करी. या कामाचा मोबदला हंगामाच्या शेवटी बलुत्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही बलुतेदारी व्यवस्था सविस्तर आलेली आहे.

या पद्धतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, नांगर घडवणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत. हळस ढिली झाली तर तक्रार त्याच दिवशी सुताराच्या पडवीत पोहोचे. दुसरी, ‘जोडणी’ नावाचे वेगळे काम नव्हते. घडवणे आणि जोडणे एकाच हाताने होई. तिसरी, शक्ती बैलांची होती. फाळ मुळीत किंवा दगडात अडकला की बैल थांबत, आणि माणूस ओरडला तरी थांबत. पायाला फाळ लागणे, बैलाच्या खुराला इजा होणे असे अपघात होत. पण ते बहुधा एका क्षणाचे असत. अवजार माणसाला स्वतःकडे ओढून घेत नसे.

लाकडी नांगराची मर्यादाही लक्षात घ्यावी. तो जमीन चिरतो, उलटवत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. ती वर काढण्यासाठी माती पलटवणारा जड नांगर हवा होता.

२. सुट्या भागांचा नांगर

लोखंडी नांगराच्या इतिहासात इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्सम यांचे नाव महत्त्वाचे आहे. १८०३ मध्ये त्यांनी अशा फाळाचे पेटंट घेतले, ज्याची खालची बाजू ओतकामाच्या वेळी झटकन थंड करून कठीण केलेली असे. वरची मऊ बाजू आधी झिजे आणि त्यामुळे फाळाला धार आपोआप राही. १८०८ मध्ये त्यांनी सुटे भाग बदलता येतील अशा नांगराचे पेटंट घेतले. झिजलेला भाग काढावा, त्याच मापाचा नवा भाग बोल्टने बसवावा, ही कल्पना यातून शेतीत आली. अमेरिकेत जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये चिकट जमिनीसाठी गुळगुळीत पोलादी नांगर तयार केला.

सुट्या भागांचा फायदा उघड होता. नांगर पेटीत घालून रेल्वेने किंवा जहाजाने दूर पाठवता येऊ लागला. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी निर्माण झाली. पेटी उघडणारा माणूस हा आता नांगर तयार करण्याच्या साखळीतील शेवटचा कारागीर झाला. कारखान्यात उत्तम बनलेला नांगरही चुकीच्या जोडणीने निकामी किंवा धोकादायक होऊ शकत होता. हे काम करणाऱ्याला कोणी शिकवायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला आणि तो आजही संपलेला नाही.

३. बेळगाव ते किर्लोस्करवाडी

मराठी प्रदेशात या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी दिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले. भाऊ रामुअण्णा यांच्यासह ते सायकलींचा व्यवसाय करीत. त्यानंतर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला.

शेतकऱ्यांनी त्याचे लगेच स्वागत केले नाही. लोखंडामुळे जमीन नासते, तिच्यात विष पसरते, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. या विरोधाला केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार होता. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर काय करायचे, हा व्यवहारी प्रश्न होता. ज्याचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो पेरणीच्या तोंडावर असा धोका सहज पत्करत नाही.

बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितल्यावर किर्लोस्करांपुढे संकट उभे राहिले. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ माळरानाची ३२ एकर जागा आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये कारखाना तेथे हलला. निवडुंग आणि साप यांनी भरलेला तो माळ पुढे किर्लोस्करवाडी झाला. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

येथे केवळ नांगर बनला नाही, तर नांगराबद्दल मराठीत लिहिण्याची परंपराही सुरू झाली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. त्याचा आरंभीचा हेतू कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवणे हा होता. पुढे ते मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. यंत्राबरोबर त्याची भाषाही घरी आली पाहिजे, हे या उद्योगाला लवकर उमगले होते. नट, बोल्ट, पाना हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात फाळ आणि रुमण्याच्या शेजारी येऊन बसले.

४. पेट्यांतून आलेले ट्रॅक्टर

स्वातंत्र्यानंतर धान्यटंचाई तीव्र होती. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापलेली होती. ती मोकळी करण्यासाठी केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली. तिच्या हाती सुरुवातीला युद्धातून शिल्लक राहिलेले अमेरिकन ट्रॅक्टर होते. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेने भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक होय. १५ ऑगस्ट १९५६ रोजी राजस्थानात सुरतगड येथे सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर मध्यवर्ती यांत्रिक शेत सुरू झाले.

परदेशी यंत्रे आली, पण त्यांच्या पुस्तिका शेतावरील माणसाच्या भाषेत नव्हत्या. प्रशिक्षित चालक आणि मिस्त्री यांची गरज भासली. त्यातून १९५५ मध्ये मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ती केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. १९५९ मध्ये, म्हणजे भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच वर्षी, फरीदाबादला आयशर कंपनीने भारतात ट्रॅक्टर बनवण्यास आरंभ केला. १९६० च्या दशकात आणखी कंपन्या या क्षेत्रात आल्या. सरकारी शेतावरचा ट्रॅक्टर आता खाजगी शेतकऱ्याच्या दारात उभा राहू लागला. बुदनीला प्रशिक्षण घेतलेला माणूस मात्र प्रत्येक दारात नव्हता.

५. फिरणारा दांडा

ट्रॅक्टर नुसता नांगर ओढत होता तोवर तो मोठ्या बैलासारखाच होता. खरा बदल दोन शोधांनी झाला. एक म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे शक्ती बाहेर देणारा फिरता दांडा, ज्याला आपण पीटीओ म्हणतो. तो १९२० च्या सुमारास व्यापारी ट्रॅक्टरवर आला आणि पुढे मिनिटाला ५४० फेरे हा त्याचा प्रमाणित वेग ठरला. दुसरा म्हणजे हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी. दोन खालचे लिंक आणि एक वरचा लिंक यांवर अवजार उचलता येऊ लागले. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती जगभर पसरली.

याच काळात ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी माती फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करण्याचे प्रयोग केले. १९१२ च्या पहिल्या प्रयोगात माती बाजूला उडत होती. इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची पाती वापरल्यावर ही अडचण सुटली. १९२० मध्ये त्यांनी पेटंट घेतले. आजच्या रोटाव्हेटरची पाती याच वंशातील आहेत. धानाच्या शेतात चिखलणी करताना किंवा विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या जमिनीत मिसळताना हेच यंत्र वापरतात.

आता धोक्याचा हिशेब मांडू. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दांड्याचा व्यास ७ सेंटीमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे २२ सेंटीमीटर होतो. म्हणजे उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही त्यात अडकली तर एका सेकंदात जवळजवळ २ मीटर कापड गुंडाळले जाते. माणसाला काय घडते आहे ते कळून हात मागे घेईपर्यंत सेकंदाचा मोठा भाग गेलेला असतो. बैल थांबत होता, हा दांडा थांबत नाही. लाकडी नांगर आणि रोटाव्हेटर यांतील सर्वांत मोठा फरक हाच आहे.

६. खोके उघडण्यापासून शेतात जाईपर्यंत

या पार्श्वभूमीवर जोडणीचे नियम पाहिले तर ते केवळ सूचनांची यादी वाटत नाहीत. प्रत्येक नियमामागे एखादे भौतिक कारण आणि बहुधा कोणाची तरी इजा असते.

(अ) उतरवणे व उघडणे. रोटाव्हेटरचे वजन अनेकदा चार-पाचशे किलोपर्यंत जाते. चार माणसांनी खांदा देऊन ते ट्रॉलीतून ढकलणे म्हणजे एकाचा पाय घसरला की उरलेल्या तिघांवर भार टाकणे. म्हणून चेन कप्पी किंवा क्रेन वापरावी, साखळी यंत्रावर दाखवलेल्या उचलण्याच्या जागीच लावावी आणि लटकलेल्या यंत्राखाली कोणी जाऊ नये. जागा सपाट व टणक हवी. पेटीच्या पोलादी पट्ट्या ताणलेल्या असतात. कापताच त्या चाबकासारख्या उसळतात. त्या कापताना समोर न राहता बाजूला उभे राहावे, हातमोजे व चष्मा वापरावा. फळ्यांतले खिळे त्याच वेळी काढून किंवा वाकवून टाकावेत. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे.

(आ) भाग मोजणे. पेटीतील यादीप्रमाणे सर्व भाग आधी मांडून घ्यावेत. एखादा बोल्ट किंवा पिन कमी असेल तर काम थांबवावे. त्याऐवजी सळईचा तुकडा ठोकून भागवणे ही आपल्याकडची मोठी वाईट सवय आहे. बोल्टच्या डोक्यावरील ८.८ सारखे आकडे त्याची ताकद सांगतात. साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण ताण आला की तुटतो आणि तुटलेले पाते शेतात दूर फेकले जाते.

(इ) पाती बसवणे. पाती डावी व उजवी अशी दोन प्रकारची असतात. ती दांड्यावर पुस्तिकेतील क्रमाने, मळसूत्रासारख्या वळणात बसवावीत. सर्व पाती एकाच वेळी जमिनीवर आदळू नयेत आणि यंत्राला झटके बसू नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. पाती बसवताना किंवा बदलताना यंत्र भक्कम ठोकळ्यांवर टेकवलेले असावे. केवळ ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये. तेलाचा दाब गेला की ते खाली येते.

(ई) ट्रॅक्टरला जोडणे. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. नंतर इंजिन बंद, ब्रेक लावलेला आणि किल्ली खिशात, या अवस्थेत काम करावे. आधी डावा खालचा लिंक, मग उजवा, शेवटी वरचा, असा क्रम प्रशिक्षणात शिकवतात. उजवा लिंक उंचीला कमी-जास्त करता येतो, म्हणून तो डाव्याच्या नंतर येतो. सोडताना क्रम उलटा.

(उ) पीटीओ दांडा. दांड्याची लांबी ट्रॅक्टरप्रमाणे जुळवावी लागते. लांब राहिला तर अवजार उचलताना तो दाबला जाऊन गिअरबॉक्स फोडतो. आखूड झाला तर चालत्या कामात निसटतो. दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत असावेत, नाहीतर यंत्र थरथरते आणि सांधे झिजतात. प्लास्टिकचे आवरण आणि ते फिरू नये म्हणून असलेली साखळी लावल्याशिवाय दांडा फिरवू नये. ग्रीस देताना अडथळा होतो म्हणून हे आवरण काढून गोठ्यात टाकलेले अनेक ठिकाणी दिसते. दोन मिनिटांच्या सोयीसाठी यंत्रातील एकमेव संरक्षण त्यामुळे जाते.

(ऊ) पहिली चाचणी. वाहतुकीपूर्वी गिअरबॉक्समधील तेल काही वेळा काढून घेतलेले असते, म्हणून पातळी पाहावी. मग कमी वेगावर, माणसे दूर ठेवून यंत्र फिरवावे. पहिल्या काही तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे भाग बसताना बोल्ट थोडे ढिले होतात.

७. कायद्याची वेस

भारतात यंत्रांना कुंपण घालण्याचा विचार मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू झाला. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात धोकादायक यंत्रांभोवती कुंपणाची तरतूद होती. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे कामगारांच्या मागण्या संघटितपणे मांडल्या. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने फिरत्या यंत्रांना संरक्षक आवरण बंधनकारक केले. भिलाईचा पोलाद कारखाना या चौकटीत उभा राहिला.

शेत हा कारखाना नव्हता. ट्रॅक्टरवर मजुरीने काम करणारा माणूस नुकसानभरपाईच्या कायद्याने ‘कामगार’ ठरू शकत होता. परंतु स्वतःच्या शेतात काम करणारा शेतकरी, त्याची बायको, मुलगा किंवा सावडीने मदतीला आलेला शेजारी यांना मालकच नव्हता. मग भरपाई कोणाकडून मागायची?

हरितक्रांतीच्या काळात उत्तर भारतात मळणीयंत्रे झपाट्याने पसरली आणि त्यांत हात गमावलेल्यांची संख्या इतकी वाढली की संसदेला लक्ष घालावे लागले. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम झाला. शेती व ग्रामीण भागातील यंत्रांच्या उत्पादकावर सुरक्षिततेची जबाबदारी टाकणारा हा महत्त्वाचा कायदा होय. तो मुख्यतः मळणीयंत्र डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता; इतर यंत्रांचा समावेश सरकारने अधिसूचनेद्वारे करायचा होता. तत्त्व मात्र मोलाचे होते : अपघात झाला म्हणजे वापरणाराच बेफिकीर होता असे गृहीत धरता येणार नाही, यंत्र कसे बनवले आणि कसे विकले, हेही पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून अपघातग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला मृत्यूबद्दल २ लाख रुपयांपर्यंत मदत दिली जाते. ही मदत आवश्यक आहे, पण ती अपघातानंतर येते. खोके उघडताना शेजारी उभा राहून योग्य रीत दाखवणारा माणूस ही अपघातापूर्वीची मदत आहे, आणि तिची तरतूद अजून मुख्यतः विक्रेत्याच्या सद्भावनेवर सोडलेली आहे.

सारांश

लाकडी नांगराच्या काळात घडवणारा, जोडणारा आणि दुरुस्त करणारा गावातच होता. सुट्या भागांच्या नांगराने ही साखळी तोडली आणि जोडणीचे काम वापरणाऱ्याकडे आले. किर्लोस्करांच्या उद्योगाने यंत्राची माहिती मराठीत देऊन हे अंतर काही प्रमाणात भरून काढले. ट्रॅक्टर आणि पीटीओ यांनी शक्तीचे स्वरूप बदलले, तेव्हा चुकीच्या जोडणीची किंमत मोडलेल्या फाळाऐवजी माणसाच्या हाताने मोजली जाऊ लागली. कायद्याने गिरणी आणि कारखान्यातील कामगाराचे संरक्षण आधी केले. शेतातील माणसापर्यंत तो उशिरा आणि अर्धवट पोहोचला. म्हणून सुरक्षित जोडणी हा केवळ तांत्रिक विषय नसून जबाबदारी कोणाची, या जुन्या प्रश्नाचा भाग आहे. ग्राहकाच्या भाषेतील पुस्तिका, विक्रेत्याने शेतावर येऊन करून दिलेली जोडणी आणि आवरणाशिवाय दांडा न विकण्याचा नियम या तीन गोष्टी त्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात ठरू शकतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लोखंडी नांगराला झालेल्या विरोधामागे कोणती व्यवहारी कारणे असू शकतात? बलुतेदारीच्या संदर्भात चर्चा करा.
२. सुट्या भागांच्या पद्धतीने शेतकऱ्याच्या जबाबदारीत कोणता बदल झाला?
३. पीटीओ दांड्याचा व्यास ६ सेंटीमीटर असेल तर ५४० फेऱ्यांच्या वेगाला एका सेकंदात किती कापड ओढले जाईल? उत्तरावरून सुरक्षा आवरणाचे महत्त्व स्पष्ट करा.
४. १८८१ पासून १९८३ पर्यंतच्या कायद्यांत शेतातील माणसाचे स्थान कसे बदलत गेले?
५. आपल्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्याशी किंवा मिस्त्रीशी बोला. नवे अवजार आले तेव्हा ते कोणी जोडले, पुस्तिका कोणत्या भाषेत होती आणि दांड्याचे आवरण आज जागेवर आहे का, याची नोंद करा.